बाईच्या दिवसाचे 48 रकाने

एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झाल्यावर बँकेच्या परीक्षा देत बसले होते, तेव्हा एका प्रोफेसर मॅडमच्या रिसर्च प्रोजेक्टवर फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून लागले. विषय टाइम यूज, म्हंजे माणूस चोवीस तासांत काय काय करतो ते त्याला विचारून लिहून काढायचं. यवतमाळ जिल्ह्यातली कापसाच्या पट्ट्यातली गावं, वेचणीचा हंगाम, मानधन बरं आणि घरातून बाहेर पडायला मिळत होतं, त्यामुळे हो म्हटलं. स्त्रीवाद वगैरे डोक्यात काही नव्हतं. पण त्या कामाचं कुणाला सांगायला गेलं की हमखास एक प्रश्न येतोच, की "स्त्रीवादी पद्धतीने आकडे गोळा करायचे" हे काय प्रकरण आहे, आकड्यांत काय बाई-पुरुष असतं का. दरवेळी तोंडी सांगताना अर्धंच सांगून होतं म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

ट्रेनिंगला मॅडमनी थिअरी नाही काढली, सरकारी कोडचं एक पान हातात दिलं. आपल्याकडे रोजगाराचा मोठा सरकारी सर्वे होतो, पीएलएफएस (पिरिऑडिक लेबर फोर्स सर्वे), त्यात घरातल्या प्रत्येकाला तो मुख्यतः काय करतो त्यावरून एक कोड मिळतो. स्वतःची शेती-धंदा करणारा 11, घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी मदत करणारा 21, पगारी 31, रोजंदारीवाला 51. मग विद्यार्थी 91. आणि मग 92, फक्त घरकाम करणारी, आणि 93, म्हंजे घरकाम अधिक सरपण, भाजीपाला, चारा फुकट गोळा करणं, घरापुरतं शिवणटिपण वगैरे. त्याच्या खाली पेन्शनवर-भाड्यावर जगणारे 94, काम करू न शकणारे 95, आणि 97 मध्ये भीक मागणारे वगैरे इतर. म्हंजे 92-93 ची बाई श्रमशक्तीच्या बाहेर, ह्या सगळ्यांच्या रांगेत.

आता गंमत अशी की आपल्याच वावरात निंदण, वेचणी करणारी बाई नियमाने 21 मध्ये बसायला पाहिजे. ती 21 होणार का 92 होणार हे तिने वर्षभर काय केलं यावर कमी आणि दारात उभ्या असलेल्या माणसाने काय विचारलं, कुणाला विचारलं, यावर जास्त ठरतं. "तुम्ही काय काम करता?" म्हटलं की वऱ्हाडी बाईचं उत्तर ठरलेलं, "मी काय करतो ताई, घरीच राहतो." लिहा 92, पुढचं घर. 2017-18 ला 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग, म्हंजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती, 23.3 टक्के होता, 2023-24 ला 41.7 झाला, आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे की यात खरंच कामं किती वाढली, नाइलाजाने शेतीत परतलेल्या किती आणि आधी नीट न विचारलेल्या किती. वाढीतला मोठा वाटा घरच्या शेतीधंद्यातल्या बायकांचा आहे, म्हंजे बरोब्बर त्याच जागेचा, जिथे 21 आणि 92 मध्ये एका प्रश्नाचं अंतर असतं.

आम्हाला कॉलेजात सॅम्पलिंग एरर, म्हंजे सगळ्यांऐवजी थोड्यांनाच विचारल्याने येणारी चूक, पूर्ण सेमिस्टर शिकवला, फॉर्म्युले, सिद्धता, सगळं. नॉन-सॅम्पलिंग एरर, म्हंजे विचारण्यात-लिहिण्यात होणाऱ्या बाकीच्या चुका, अर्ध्या पानात उरकला होता. फील्डवर जे काही दिसलं ते सगळं त्या अर्ध्या पानातलं.

पायलटमध्ये, म्हंजे मुख्य सर्वेआधीच्या छोट्या चाचणीत, एक वेगळा प्रकार ठेवला होता. आधी नवऱ्याला विचारायचं की वहिनींचा कालचा दिवस कसा गेला, मग त्याच दिवसाबद्दल वहिनींना, वेगळं बसून, आणि दोन्ही फॉर्म शेजारी लावायचे. फॉर्म सरकारी टाइम यूज सर्वेसारखाच, काल पहाटे 4 ते आज पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाचे 48 रकाने, एका रकान्यात जास्तीत जास्त तीन गोष्टी.

एका घरचं सांगते. भाऊ ओसरीत खाटेवर, मी वहिनींचं नाव काढलं तर "तिले काय इचारता, मी सांगतो ना" हे झालंच. म्हटलं तुम्हालाच विचारायचंय आधी, मग खुश. त्यांचं उत्तर असं, उठली, सैपाक केला, कापूस येचाले गेली, आली, सैपाक केला, झोपली. 48 रकान्यांना सहा नोंदी. बरं माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला दिसलेला दिवस तेवढाच होता.

मग मागच्या अंगणात, वहिनी भांडी घासतायत आणि मी दगडावर बसून लिहितेय. पहाटे अंधार आहे तोवर शेजारच्या दोघींसोबत बाहेर जाऊन येणं. सडा-झाडलोट. चूल पेटवणं, गॅस आहे पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून तो फक्त चहाला. नळ आला नव्हता म्हणून हापशीवरून पाणी. सासूला आंघोळीचं पाणी. बकरी. पोरीची वेणी, डबे. स्वतःचा चहा उभ्याउभ्या. दुसऱ्याच्या वावरात वेचणीला, किलोवर मजुरी, त्यामुळे जेवायला बसली तरी नजर दुसरीच्या गाठोड्यावर. लहानगा धुऱ्यावरच्या, म्हंजे बांधावरच्या, बाभळीला बांधलेल्या झोळीत, मधे मधे जाऊन पाजून येणं. संध्याकाळी कापूस मोजायला रांग. येताना डोक्यावर सरपण आणि बकरीला पाला. मग सैपाक, भांडी, सासूचे पाय दाबणं, सकाळची भाजी निवडून ठेवणं. मी लिहून लिहून थकले, तीनच्या वर गोष्टी एका रकान्यात घेता येईनात, आणि सरकारी सूचनेप्रमाणे 10 मिनिटांपेक्षा कमी वेळाचं लिहायचंच नसतं. आता झोळीपाशी जाऊन येणं एका वेळी चार-पाच मिनिटांचं. दिवसभरात असं कितीतरी वेळा. नियमात बसवलं तर तो लहानगा त्या दिवसातून गायब, जणू घरी ठेवून आली होती.

आणि वेळ विचारायची कशी हा वेगळाच धडा. घड्याळ मोबाईलमध्ये असतं आणि मोबाईल बहुतेक नवऱ्याच्या खिशात. मग आम्ही गावाचं घड्याळ शिकलो, एसटी येऊन गेली होती का, शाळेची घंटा झाली होती का, लाइन होती का गेलेली, कोणती सिरीयल चालू होती. यात मजा म्हणजे पुरुषांचा पण दिवस नीट लिहिला जायला लागला. शेतीची लाइन रात्री असली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री दोनला वावरात, सापकिरडाची भीती, सकाळी आठला झोपलेला दिसतो आणि शेजारीपाजारी म्हणतात काय निवांत पडलाय. हे कुणी बायकांची बाजू घ्यायला म्हणून शोधलं नव्हतं, पण विचारायची पद्धत बदलली तसं ते पण वर आलं.

खरी भांडणं झाली कोडिंगला, म्हंजे लिहून आणलेल्या प्रत्येक नोंदीला ठरलेला कोड देताना. एका कॉलेजच्या हॉलमध्ये सगळे फॉर्म पसरून बसलो होतो, टीममध्ये मुलं-मुली दोन्ही, आणि वर एक सिनियर सर, त्यांची उभी हयात सर्वेमध्ये गेलेली. एका मुलाच्या फॉर्मवर रात्री आठ ते नऊ, "टीव्ही पाहिला", मनोरंजन. त्याच वस्तीतल्या दुसऱ्या घरचा, आमच्यातल्या एकीने भरलेला फॉर्म, तीच सिरीयल, पण लिहिलंय "डाळ निवडली, टीव्ही चालू होता". म्हटलं हे वेगळं कसं आलं, तर ती म्हणाली काही नाही, मी विचारलं हातात काय होतं. झालं. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर दोन जादा प्रश्न आले, प्रत्येक रकान्याला, "हातात काय होतं?" आणि "लेकरू कुठं होतं?"

सर लगेच उखडले. त्यांचं म्हणणं, हा लीडिंग प्रश्न आहे, बाईला खोदून विचारलं की तिचं काम वाढणारच, हवं ते उत्तर काढायची ही रीत झाली. मला तेव्हा सरांचंच पटलं होतं, खरं सांगते, शास्त्रशुद्ध तर तेच बोलत होते. मॅडम शांतपणे म्हणाल्या ठीक आहे, मग हेच दोन प्रश्न पुरुषांना पण विचारा, शब्द न बदलता. विचारले. पुरुषांनी अगदी प्रामाणिक उत्तरं दिली. चौकात बसलो होतो, हातात काय होतं? मोबाईल, पत्ते, चहा. लेकरू कुठं होतं? घरी असंल, तिच्यापाशी. प्रश्न तोच, पण एकीकडे कामं वाढली आणि दुसरीकडे नाही वाढली, तेव्हा सर म्हणाले हां, आता हे डेटा आहे.

त्याच दिवशी उलटं पण सापडलं. आमच्या एका मुलाने चौकातल्या त्या बसण्याला "शेती व्यवस्थापन" कोड देऊन ठेवला होता, कारण उत्तर देणारे काका म्हणाले होते उद्याच्या मजुरांची चौकशी करत होतो. असेल पण, मजूर तिथेच ठरतात. पण मग हापशीवर दोन बायका उद्या कुणाच्या वेचणीला जायचं, कोण किलोला काय देतंय हे ठरवतात त्याला आम्ही "गप्पा" लिहिलं होतं, आणि हे लिहिणाऱ्यांत मी पण एक, कुणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप गेला. हे असं कुठल्याच फॉर्म्युल्यात येत नाही.

नंतर मॅडमनी जेव्हा सँड्रा हार्डिंग या अमेरिकन स्त्रीवादी तत्त्वज्ञ बाईचं थोडंफार सांगितलं तेव्हा ते पुस्तकी नाही वाटलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की जे पाहिलं जातंय त्याची जितकी कसून तपासणी करता तितकीच पाहणाऱ्याची करा, तो कोण, कुठे उभा, काय धरून चाललाय, तरच तुमची वस्तुनिष्ठता पक्की, नाहीतर अर्धवट. लोकांना वाटतं स्त्रीवादी लोक वस्तुनिष्ठपणा मोडीत काढायला बसलेत, ही बाई तर उलट अजून कडक करा म्हणतेय. आमच्या फॉर्मवर त्याचा अर्थ एकच रकाना झाला, "मुलाखत कुणी घेतली, त्या वेळी हजर कोण". सासू हजर असेल तर सुनेच्या आरामाच्या नोंदी जवळजवळ संपतात. मुलगा विचारायला गेला तर पहाटे बाहेर जाणं, पाजणं, पाळीचे कपडे वेगळे धुणं हे येतच नाही. आणि आम्ही मुली गेलो की पुरुष दारूगुत्त्यावरचा वेळ "कामाले गेलतो" मध्ये घालतात, हे पण तितकंच खरं.

हे सगळं आपण पहिल्यांदा करतोय असं वाटत होतं, नव्हतं. अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी 1970 च्या दशकात राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या गावांत बायकांचा वेळ मोजून दाखवलं होतं की काम करणाऱ्या बायका नेहमीच्या सर्वेत दिसतात त्याहून जास्त आहेत. त्याच्याही आधी 1934 मध्ये मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईने घरातल्या कामाची एक साधी कसोटी दिली होती, जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं ते उत्पादक काम. 1988 मध्ये न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंगने बायकांचं बिनपगारी काम न धरणारी देशांच्या हिशोबाची, म्हंजे जीडीपी काढायची, पद्धतच धारेवर धरली. आपल्याकडे 1991 च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नात "शेतात किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी काम धरून" एवढी पुस्ती जोडायला बायकांच्या संघटनांना भांडावं लागलं. 1998-99 ला सहा राज्यांत टाइम यूजचा पहिला प्रयोग झाला, महाराष्ट्र त्यात नव्हता. देशभराचा सर्वे यायला 2019 उजाडलं. त्यात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष 97, शिवाय करणारेच मुळात बायकांत 81 टक्के आणि पुरुषांत 26. 2024 ला तीच मिनिटं 289 आणि 88 झाली. म्हंजे दोन्हीकडे कमी! पुरुषांनी जास्त करायला लागून बायकांचं कमी झालं असं काही दिसत नाही.

एक अजून विचित्र प्रकार तिथे कळला तो म्हणजे मोजमापाची रेघ. हापशीवरून पाणी आणणं, सरपण गोळा करणं हे आंतरराष्ट्रीय हिशोबाच्या नियमात उत्पादनाच्या आत धरतात, कारण ती वस्तू आहे. त्या पाण्याने त्या सरपणावर केलेला सैपाक बाहेर, कारण ती घरच्यांची सेवा. 2013 पासून कामगार-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या सगळ्याला "काम" म्हणायचं ठरवलंय, पण जीडीपीची रेघ तिथेच आहे. मी ही रेघ वहिनींना सांगायचा प्रयत्न केला होता, त्या इतक्या हसल्या की शेजारीण बघायला आली.

आमच्यातला एक जण बीडचा होता, तो म्हणाला तुमच्याकडे निदान बाई वेगळी मोजता येते, आमच्याकडे ऊसतोडीला हिशोबाचं एककच "एक कोयता", म्हंजे नवरा-बायको मिळून. उचल, म्हंजे आगाऊ रक्कम, मुकादम देतो ती जोडीला, आणि हातात पडते नवऱ्याच्या. आता तिथे बाईची मजुरी किती असा रकाना काढला तरी भरणार काय.

आता जे मला सगळ्यात जड गेलं ते. पहिले तक्ते काढायची वेळ आली तेव्हा मी मस्त सरासरी काढली, बायकांचं मजुरीचं काम, घरकाम, आराम, सगळं एका ओळीत. नमुना नीट, वेटेज नीट. आमच्या टीममधली एक मुलगी, बौद्ध वस्तीतली, तिची आई आयुष्यभर वेचणीला गेलेली, ती म्हणाली ही बाई कोण आहे? म्हटलं कोणती? म्हणे ही सरासरीतली. हिचं अर्धं वावर स्वतःचं आहे आणि अर्धा दिवस ती दुसऱ्याच्या वावरात आहे, अशी बाई आपल्याला एका तरी गावात भेटली का? खरंच नव्हती भेटली. पाच-दहा एकरवाल्या घरची बाई धुऱ्यावर उभी राहून वेचणाऱ्या लावते, त्यांचा कापूस मोजून घेते, तिचाही दिवस घरकामाने भरलेलाच, पण दुपारी ती घरी आडवी होऊ शकते. तिच्याच वावरात वेचणारी नाही होऊ शकत. दोघींना मिळवून दोनने भागलं की एक तिसरीच बाई तयार होते जी कुठेच राहत नाही, आणि अहवालात "ग्रामीण महिला" म्हणून तीच फिरते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे पुणे विद्यापीठात होत्या, त्यांनी 1998 मध्येच हा मुद्दा मांडला होता, की सगळ्या बायकांच्या वतीने बोलणारा स्त्रीवाद हा बऱ्याचदा वरच्या जातींच्या बायकांच्या जागेवरून बोलतो, आणि दलित स्त्रियांच्या जागेवरून पाहिलं तर सगळ्यांनाच आपापलं पाहणं तपासावं लागतं. मला ते लेख म्हणून नंतर वाचायला मिळालं, त्याआधी एक्सेलमध्ये भेटलं.

मग तक्ता मोडला, जमीन आहे-नाही, जात, घरात आजारी-म्हातारं कुणी आहे का, लेकरू पाच वर्षांखालचं आहे का, असा फोडून परत काढला. सॅम्पल लहान झाल्याने एरर वाढले, सर परत कुरकुरले, आणि तेही बरोबरच होतं, काही खान्यांत इतकी कमी माणसं उरली की आम्ही ते आकडे छापलेच नाहीत, त्याऐवजी त्या घरांचे दिवस सरळ वर्णन करून लिहिले.

शेवटपर्यंत न सुटलेला वाद म्हणजे तुलनेचा. आमचे दोन जादा प्रश्न राष्ट्रीय सर्वेत नाहीत, त्यामुळे आमची मिनिटं त्या 299 च्या शेजारी लावता येत नाहीत. सरांचं म्हणणं तुलना गेली तर धोरण करणारा माणूस तुमचा अहवाल उघडणार पण नाही. मॅडमचं म्हणणं जे मुळात कमी मोजलंय त्याच्याशी तुलना जुळवायला आपणही कमी मोजायचं का. तडजोड अशी निघाली की पहिलं उत्तर निळ्या पेनने, जादा प्रश्नांनंतरचं हिरव्याने, आणि अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळ्या कॉलममध्ये. निळा कॉलम तुलनेला, हिरवा कॉलम आमचा. मला विचाराल तर त्या दोन कॉलममधला फरक हाच त्या अख्ख्या प्रोजेक्टचा सगळ्यात कामाचा आकडा होता आणि तो मुख्य तक्त्यात न येता परिशिष्टात गेला, याची चिडचिड अजून आहे.

आता मी एका सर्वे एजन्सीत आहे, पोटापाण्याचं. सगळं टॅबवर, ॲप एक उत्तर घेतं आणि पुढच्या स्लॉटवर उडी मारतं, मागे जायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो. हातात काय होतं विचारायला जागा नाही, फक्त खाली एक रिमार्कचा डबा आहे, त्याला पण अक्षरांची मर्यादा. तर मी त्यात "हा-" आणि "ले-" असे शॉर्टफॉर्म टाकते, हा-डाळ, ले-झोळीत, असं. मागच्या आठवड्यात डेटा क्लीनिंगच्या पोराचा फोन आला, मॅडम हे हा-ले हा-ले काय आहे, सिस्टिम एरर दाखवतेय, डिलीट करू का? त्याला सगळं सांगत बसले, डाळ, टीव्ही, बाभळीची झोळी, पुरुषांना पण हेच विचारते ते सुद्धा. तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणे अहो मग याचा ड्रॉपडाऊनच टाकून घ्या ना, दोन मिनिटांचं काम आहे, कुणाला मेल करायचा तेवढं सांगा.